पेज, कुळीथ आणि तिजान

माझा भाचा यंदा अकरावीत गेला आणि व्यायामशाळेत जाऊ लागला. मांस-मासळी त्याने स्वतःहून सोडली आहे. आता त्याला प्रोटीन पावडरचा डबा हवा. "मामा, आमच्या गोंयच्या शाकाहारी जेवणात शितापलीकडे आहे काय?" असे त्याने विचारले. प्रश्न वाटतो तितका पोरकट नाही. त्याचे उत्तर द्यायचे तर थोडे इतिहासात शिरावे लागते.

सुरुवात पेजेपासून करू. गोव्याचा शेतकरी सकाळी शेतात उतरे आणि दहाच्या सुमारास उकड्या तांदळाची पेज घेई. तोंडी लावायला मिठातले तोर किंवा रात्रीची उरलेली आमटी. तांदूळ उकडताना कोंड्यातले 'ब१' जीवनसत्त्व दाण्यात मुरते. पांढऱ्याशुभ्र, सडलेल्या तांदळावर जगणाऱ्यांना बेरीबेरी होते याचा छडा डच डॉक्टर आइकमन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जावा बेटावर लावला आणि त्यांना १९२९ चे नोबेल मिळाले. आमच्या बायका तो तांदूळ शास्त्र न वाचताच उकडत होत्या.

भात शिजवणे ही गोव्यात केवळ चुलीपुरती गोष्ट कधीच नव्हती. १७३६ साली इन्क्विझिशनने काढलेल्या फर्मानात नवख्रिस्त्यांना जी बंधने घातली, त्यात भात अळणी शिजवून मागाहून मीठ घेण्याची हिंदूंची रीत पाळू नये हेही होते. अ. का. प्रियोळकरांनी १९६१ च्या आपल्या ग्रंथात हे फर्मान दिले आहे. राज्यकर्त्याला ताटातले मीठसुद्धा टोचत होते!

आता कडधान्ये. कुळीथ अस्सल आपला. दक्षिण भारतातल्या नवाश्मयुगीन वस्त्यांत त्याचे जळके दाणे सापडले आहेत, म्हणजे वय चार हजार वर्षांच्या आसपास. नाचणी आणि अळसांदे मात्र मुळात आफ्रिकेचे. डोंगरउतारावर कुमेरी करणाऱ्यांनी नाचणी पिकवली आणि ती 'गावठी' झाली. मिरची, काजू, पपई तर पोर्तुगीजांच्या गलबतांतून आली. तेव्हा गावठी म्हणून नाक मुरडण्यातही अर्थ नाही आणि शुद्ध म्हणून मिरवण्यातही.

आकडे पाहू. १०० ग्रॅम कुळथात सुमारे २२ ग्रॅम प्रथिने असतात. तेवढ्याच नाचणीत प्रथिने ७ ग्रॅमच, पण कॅल्शियम साडेतीनशे मिलिग्रॅमच्या घरात. सोळा-अठरा वर्षांच्या मुलाला दिवसाला साधारण ५५ ग्रॅम प्रथिने लागतात. भातात जे अमिनो आम्ल कमी, ते कडधान्यात भरपूर. भाताशेजारी तोणाक आले की जोडी जमते.

पण जुने ते सगळे सोने असे मी म्हणणार नाही. कष्टकऱ्याच्या घरी पेज पोटभर असे. कुळीथ मात्र मूठभर आणि सार पातळ. अनेकांची हाडे वर दिसत ती व्यायामाने नव्हेत, अर्धपोटी राहिल्याने. उणीव होती ती डाळीच्या मापात. ते माप आज आपल्याला परवडते, तर आधी ते वाढवावे.

घरी करण्यासारखे तीन पदार्थ सांगतो.

तिजान: दोन चमचे नाचणीचे पीठ पाण्यात कालवून मंद आचेवर ढवळत शिजवावे, गूळ व नारळाचा रस घालून उतरावे. सकाळी व्यायामाहून आल्यावर उत्तम.

मुगागाठी: मोड आलेले मूग सोलून शिजवावेत, खोबरे, हळद, मिरची यांचे वाटण लावून मोहरी-हिंगाची फोडणी द्यावी. श्रावणाची वाट पाहायची गरज नाही.

कुळीथ: रात्री भिजवून शिजवावेत. पाण्याचे सार करावे, पण दाणे टाकू नयेत. कांदा, खोबरे घालून उसळ करावी. खरे बळ दाण्यात आहे.

एक सूचना. निव्वळ वनस्पतिजन्य आहारात 'बी-१२' मिळत नाही. दूध-दही चालत असेल तर ठेवावे, नसेल तर डॉक्टरांना विचारून गोळी घ्यावी. त्यात कमीपणा नाही. नाचणी बाहेरून आली म्हणून आपल्या पूर्वजांनी तरी तिला कुठे परत पाठवली?