पुरे! : पूर्व तिमोरच्या एका अहवालाविषयी

पूर्व तिमोरची राजधानी दिली. तिच्या बालिदे भागात पोर्तुगीजांनी बांधलेला एक तुरुंग आहे. 1975 नंतर इंडोनेशियाच्या लष्करी राजवटीने त्यात राजकीय कैदी डांबले. पुढे याच इमारतीत ‘स्वागत, सत्य आणि समेट आयोगा’चे कार्यालय थाटले गेले. ऑक्टोबर 2005 मध्ये आयोगाने राष्ट्राध्यक्षांना सादर केलेल्या अडीच हजारांहून अधिक पानांच्या अहवालाचे शीर्षक एकाच पोर्तुगीज शब्दाचे आहे : ‘शेगा!’ म्हणजे ‘पुरे!’ सरकारी अहवालाला सहसा असे नाव नसते. हा शब्द साक्षीदारांच्या बाजूने उच्चारलेला आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात अशी. पोर्तुगाल माघार घेत असताना, 7 डिसेंबर 1975 रोजी इंडोनेशियाने आक्रमण केले. चोवीस वर्षांच्या ताब्यानंतर 30 ऑगस्ट 1999 रोजी संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीखाली सार्वमत झाले आणि 78.5 टक्के मतदारांनी स्वातंत्र्याचा मार्ग निवडला. त्याची शिक्षा म्हणून सशस्त्र टोळ्यांनी, लष्कराच्या पाठबळाने, देश जाळला. ऑस्ट्रेलियाच्या नेतृत्वाखालील फौज उतरली आणि मे 2002 पर्यंत संयुक्त राष्ट्रांनी तेथे प्रत्यक्ष राज्यकारभार केला. आयोगाची स्थापनाही 2001 साली याच प्रशासनाच्या नियमाने झाली. मात्र सातही आयुक्त तिमोरी होते.

या मदतीतले सर्वांत टिकाऊ काम कोणते, असे विचारले तर माझे उत्तर ‘चटई’ असे आहे. तेतुम भाषेत ‘नाहे बिती’ म्हणजे चटई अंथरणे. गावातील तंटा मिटवण्यासाठी वडीलधाऱ्यांनी बोलावलेली बैठक. आयोगाने ही रीत कायद्याच्या चौकटीत बसवली. जाळपोळ, चोरी, मारहाण करणाऱ्याने गावासमोर बसायचे, कबुली द्यायची, पीडितांच्या प्रश्नांना उत्तरे द्यायची आणि ठरेल ती भरपाई करायची. अशा रीतीने 1,371 जण आपापल्या गावात पुन्हा सामावले गेले. पैसा आणि सल्लागार बाहेरचे होते. चटई, भाषा आणि निवाडा गावाचा.

खून आणि बलात्कार यांना मात्र चटईवर जागा नव्हती. त्यांसाठी विशेष न्यायालय होते. त्याच्यापुढे सुमारे चारशे जणांवर आरोपपत्रे दाखल झाली; 84 जणांना शिक्षा झाली आणि ते बहुतेक स्थानिक टोळ्यांतले खालच्या पायरीवरचे लोक होते. तीनशेहून अधिक आरोपी सीमेपलीकडे इंडोनेशियात सुरक्षित राहिले. हुकूम देणाऱ्यांपर्यंत कायद्याचा हात पोहोचला नाही, आणि 2005 मध्ये हे न्यायालय बंद झाले. म्हणजे शेजाऱ्याचे घर जाळणाऱ्याने सर्वांसमोर मान खाली घातली. सेनापतीला मात्र कोणी जाब विचारू शकले नाही.

अहवालाचे खरे धैर्य येथे दिसते. 7,669 जबान्या आणि इतर पुराव्यांच्या आधारे त्याने संघर्षामुळे झालेल्या मृत्यूंचा किमान आकडा 1,02,800 असा अंदाजला. त्यांतले बहुसंख्य मृत्यू भूक आणि आजार यांनी झाले होते. तेवढ्यावर तो थांबला नाही. इंडोनेशियाला शस्त्रे आणि राजकीय आश्रय देणाऱ्या अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स यांचीही जबाबदारी त्याने नोंदवली आणि पीडितांच्या भरपाईत त्यांनी वाटा उचलावा, अशी शिफारस केली. शांतिनिर्माणाची भाषा बोलणारे देश पूर्वी त्याच युद्धाला हातभार लावत होते, हे त्यांच्याच साहाय्याने उभ्या राहिलेल्या आयोगाने लिहून ठेवले. राष्ट्राध्यक्ष शानाना गुस्मांव यांना या शिफारशी अव्यवहार्य वाटल्या. शेजारी इंडोनेशिया, देश दरिद्री. त्यांची अडचण समजण्यासारखी आहे. पण जबान्या देणाऱ्यांनी मग कोणाकडे पाहायचे?

2006 मध्ये उत्तराचा एक भाग मिळाला. शांतिसेना परतून वर्षही झाले नव्हते, तोच लष्करातील भेदभावाच्या तक्रारीवरून सुमारे सहाशे सैनिक बडतर्फ झाले, हिंसा उसळली आणि दीड लाखांच्या आसपास लोक बेघर झाले. संयुक्त राष्ट्रांना पुन्हा यावे लागले आणि त्यांचे पथक 2012 अखेरपर्यंत राहिले. संस्था काही वर्षांत उभारता येतात. त्यांच्यावरचा विश्वास त्या मुदतीत तयार होत नाही.

आपला यात काय संबंध? गोवा पोर्तुगीजांपासून मुक्त झाला 1961 मध्ये. त्यानंतर चौदा वर्षांनी, डिसेंबर 1975 मध्ये, संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने इंडोनेशियाला माघार घेण्यास सांगणारा ठराव केला, तेव्हा विरोधात मत देणाऱ्या दहा देशांत भारत होता. एकाच साम्राज्याच्या दोन वसाहती. एकीच्या मुक्तीचा आपण उत्सव करतो, दुसरीच्या वेळी आपण कोठे उभे होतो हे आपल्या पाठ्यपुस्तकांत शोधावे लागेल.

दलित आत्मकथनांनी मराठी वाचकाला एक गोष्ट शिकवली आहे : साक्ष ऐकणारा त्रयस्थ राहू शकत नाही. ‘शेगा!’ त्याच पद्धतीने वाचायला हवा. आज तो बालिदेचा तुरुंग स्मृतिस्थळ आहे आणि 2025 मध्ये तिमोर आसियान संघटनेत इंडोनेशियाच्या शेजारी सदस्य म्हणून बसला. समेट झाला, हे खरेच. अहवालातील भरपाईचे प्रकरण मात्र अजून मिटलेले नाही.