संदेश तोच, अर्थ वेगळा : चेताशिखेतील जनुकांचे नियंत्रण

पृष्ठवंशी प्राण्यांच्या भ्रूणात मेंदू व मज्जारज्जू ज्या चेतानलिकेपासून घडतात, तिच्या कडांवर उद्भवणाऱ्या पेशीसमूहास चेताशिखा अर्थात न्यूरल क्रेस्ट म्हणतात. स्विस शास्त्रज्ञ विल्हेल्म हिस यांनी १८६८ मध्ये कोंबडीच्या भ्रूणात तिचे प्रथम वर्णन केले. चेहऱ्याची बहुतेक हाडे, त्वचेतील रंगपेशी, अधिवृक्क ग्रंथीचा गाभा आणि आतड्यातील चेताजाल यांचा उगम याच पेशींत आहे.

शरीरातील पेशींचा जनुकसंच मूलतः एकच असतो. त्यांतील कोणते जनुक केव्हा कार्यान्वित व्हावे, हे बहुतांशी शेजारच्या पेशींकडून येणारे प्रथिनरूपी संदेश ठरवितात. बीएमपी हे प्रथिन पेशीपटलावरील ग्राहीस जोडले गेले, की पेशीतील स्मॅड प्रथिने सक्रिय होऊन केंद्रकात शिरतात. विंट या संदेशामुळे बीटा-कॅटेनिनचा ऱ्हास थांबतो आणि तेही केंद्रकात पोहोचते. मात्रा येथे निर्णायक ठरते. बीएमपी अधिक असेल तेथे त्वचा, अत्यल्प असेल तेथे चेताऊती बनते. मध्यम मात्रेला विंट व एफजीएफ यांची जोड मिळाली, तर पॅक्स-३ आणि झिक-१ ही जनुके जागी होतात. ती पुढे स्नेल-२, फॉक्स-डी-३ व सॉक्स-१० यांना चालना देतात. स्नेल-२ पेशींना परस्परांशी बांधून ठेवणारी काही कॅडहेरिन जनुके दडपते. बंध सैल झालेल्या पेशी मग स्थलांतराला निघतात.

वाटेत त्याच संदेशाचा अर्थ बदलतो. महाधमनीजवळ पोहोचलेल्या पेशींना बीएमपी स्वायत्त चेतापेशी बनवितो. फ्रान्समधील निकोल ल दुआरँ यांनी लाव्याच्या भ्रूणातील धडाकडील चेताशिखा कोंबडीच्या भ्रूणात मानेच्या पातळीवर रोपली, तेव्हा त्या पेशी आतड्यात शिरून तेथील चेतापेशी बनल्या. पेशींचे भवितव्य अंशतः परिसर ठरवितो, हे त्यातून दिसले.

हा संवाद तुटल्यास काय होते, हे हिर्शस्प्रुंग विकारात दिसते. सुमारे ५,००० जन्मांमागे एका बालकात तो आढळतो. आतड्याची ऊती जीडीएनएफ हे प्रथिन स्रवते आणि चेताशिखेच्या पेशी ते रेट या ग्राहीद्वारे ओळखतात. रेट जनुकातील दोषामुळे हा संकेत क्षीण झाला, तर पेशी मोठ्या आतड्याच्या शेवटापर्यंत पोहोचत नाहीत. चेतापेशींविना तो भाग आकुंचितच राहतो, मल अडतो आणि शस्त्रक्रियेने तो भाग काढावा लागतो. याउलट हाच ग्राही सतत सक्रिय राहिला, तर थायरॉइडचा मेड्युलरी कर्करोग व अधिवृक्क ग्रंथीच्या गाठी उद्भवू शकतात. त्यामुळे अशा कुटुंबांत रेट जनुकाची तपासणी आजार प्रकट होण्यापूर्वीच उपयुक्त ठरते.

मूलपेशींपासून आतड्याच्या चेतापेशी घडविण्याचे प्रयत्न सुरू आहेत. त्यांतही योग्य संदेश, योग्य मात्रेत आणि योग्य वेळी देणे हेच मुख्य आव्हान आहे.