इष्टूर फाकडा : शत्रूला मिळालेली मराठी पदवी

माझे बालपण परंदवडीत गेले. अंगात मस्ती आली की आजी म्हणे, ‘मोठा इष्टूर फाकडा लागून गेलास!’ हा इष्टूर कोण, ते कॉलेजात ग्रँट डफ वाचताना कळले.

तो कॅप्टन जेम्स स्टुअर्ट. आडनाव स्कॉटलंडचे, चाकरी ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेत. राघोबादादांना पुण्यात सत्तेवर बसवायला १७७८ च्या अखेरीस कंपनीची सुमारे ३,९०० माणसे निघाली. बोरघाट आधीच ताब्यात घेणारी आघाडीची तुकडी स्टुअर्टची होती. ४ जानेवारी १७७९ रोजी कार्ल्याला तो तोफेच्या गोळ्याने पडला.

टेहळणीसाठी तो झाडावर चढला होता, असे आजही सांगतात. मला झाडापेक्षा नाव महत्त्वाचे वाटते. डफचा इतिहास १८२६ चा. लोक अजून हे नाव काढतात, अशी नोंद त्यात आहे. म्हणजे लढाईला पन्नास वर्षेही झाली नव्हती. ती पाहिलेली म्हातारी माणसे तेव्हा हयात असणार. डफ स्वतः स्कॉटलंडमधल्या बँफचा, पेशाने कॅप्टन. देशबंधूचे कौतुक त्याने फुगवले असेल, अशी शंका घेता येईल. पण ‘स्टुअर्ट’चा ‘इष्टूर’ बँफला होत नाही, मावळातच होतो.

फाकडा म्हणजे देखणा, बेडर. पेशवाईत ही पदवी मानाजी शिंद्यांना होती. ती शत्रूला देणारे लोक कोण होते? फौज ९ जानेवारीला तळेगावात पोचली तेव्हा गाव जाळून मोकळे केलेले होते. दाणावैरण इंग्रजांच्या हाती लागू नये, हा मराठ्यांचा डाव. तो फळला. ११ तारखेच्या रात्री इंग्रजांनी जड तोफा तळ्यात टाकून माघार घेतली. महादजी शिंद्यांच्या फौजेने त्यांना वडगावला कोंडले आणि तह लिहून घेतला.

त्या विजयाची किंमत मावळच्या घरांनी मोजली. महादजींचा पुतळा वडगावात आहे, तसे स्टुअर्टचे थडगेही तिथेच दाखवतात. गाव जाळून निघालेल्यांची नावे मात्र कुठे कोरलेली नाहीत. त्यांची एकच खूण उरली : स्वतःचे छप्पर गमावूनही शत्रूचे शौर्य ओळखणारा एक शब्द. आजीच्या तोंडून मी ऐकला, तो तोच.