मोहाविरुद्धचा पहारा : इव्हॅग्रिअस आणि विचार-निरीक्षणाची परंपरा

मोहाविरुद्ध सदैव सावध राहावे, हा उपदेश ख्रिस्ती धर्मसाधनेत प्रारंभापासून आढळतो. अटकेच्या रात्री गेथशेमाने येथे येशूने शिष्यांना जागे राहून प्रार्थना करावयास सांगितले, हा त्याचा मुख्य शास्त्राधार होय. मूळ ग्रीक वचनातील ‘पैरास्मॉस’ या शब्दाला परीक्षा आणि मोह असे दोन्ही अर्थ आहेत. मराठी पवित्र शास्त्राने त्यांपैकी ‘परीक्षा’ हा अर्थ पत्करला आहे. परंतु जागे राहावयाचे म्हणजे रोजच्या व्यवहारात, प्रहराप्रहराला, नेमके काय करावयाचे? या प्रश्नाचे अत्यंत व्यवस्थित असे एक उत्तर चौथ्या शतकाच्या अखेरीस ईजिप्तच्या वाळवंटात लिहिले गेले. पुढील काळाने ते पापांची यादी म्हणून वाचले. प्रस्तुत लेखकाच्या मते ते मूळात यादी नव्हतेच; ती मनाचे निरीक्षण करण्याची एक पद्धती होती.

तिचा कर्ता इव्हॅग्रिअस हा पाँटसमधील इबोरा गावचा. नाझिआंझसच्या ग्रेगरीने त्याला उपाध्याय-दीक्षा दिली, आणि इ. स. 381 च्या धर्मपरिषदेच्या सुमारास कॉन्स्टँटिनोपल येथे वादपटू म्हणून त्याचे नाव झाले. तेथेच एका उच्चपदस्थाच्या पत्नीविषयी त्याच्या मनात आसक्ती उत्पन्न झाली. त्याचा शिष्य पॅलाडिअस याने दिलेल्या वृत्तान्तानुसार, स्वप्नात घेतलेल्या शपथेला जागून त्याने ते शहर सोडले व जेरुसलेम गाठले. तेथे पुन्हा डामडौलात रमल्यावर तो दीर्घकाळ आजारी पडला, आणि थोरल्या मेलानियाच्या सांगण्यावरून इ. स. 383 च्या सुमारास ईजिप्तला गेला. निट्रिया येथे दोन वर्षे व त्यानंतर केलिया येथे, 399 मध्ये मृत्यू येईपर्यंत, तो राहिला. ग्रंथांच्या नकला करून तो उदरनिर्वाह करी. मोहाविषयी लिहिणारा हा मनुष्य त्याला पुस्तकांतूनच ओळखत होता असे कोणी म्हणू शकणार नाही.

‘प्राक्टिकोस’ या शंभर लहान प्रकरणांच्या ग्रंथात त्याने आठ ‘लोगिस्मॉय’, म्हणजे विचार, सांगितले आहेत : खादाडपणा, कामवासना, द्रव्यलोभ, विषाद, क्रोध, अकेदिया, कीर्तिलोभ व अहंकार. त्यांना तो ‘विचार’ म्हणतो, ‘पाप’ म्हणत नाही. हे विचार मनात यावेत की न यावेत हे आपल्या हाती नाही. ते रेंगाळावेत की नाही, त्यांनी विकार चेतवावेत की नाही, हे मात्र आपल्या हाती आहे, असे तो स्पष्ट करतो. सर्व पद्धतीचा पाया या एका भेदावर आहे. मोह येणे हा दोष नसेल तर त्याची लाज बाळगण्याचे कारण उरत नाही, आणि लाज गेली की त्याच्याकडे नीट पाहता येते. म्हणूनच साधकाने विचार केव्हा तीव्र होतात, केव्हा ओसरतात, कोणामागून कोणता येतो, कोणता कोणाबरोबर कधीच येत नाही, याची नोंद ठेवावी असे तो सांगतो. वैद्याने ज्वराचा चढउतार पाहावा तशी ही दृष्टी आहे.

या निरीक्षणाची सूक्ष्मता उदाहरणांतून कळते. द्रव्यलोभ सोन्याची रास दाखवून येत नाही. तो लांबलेले वार्धक्य, काम न होणारे हात, पुढे पडणारा दुष्काळ आणि दुसऱ्याकडून मागून घेण्याची लाज यांची चित्रे दाखवितो. म्हणजे दूरदर्शीपणाचे सोंग घेऊन येतो. अकेदियाचे वर्णन तर प्रसिद्धच आहे. दिवसाच्या चौथ्या तासापासून आठव्या तासापर्यंत, म्हणजे ऐन दुपारी, ती गाठते. सूर्य हलेनासा वाटतो, दिवस पन्नास तासांचा भासतो; भिक्षू पुनःपुन्हा खिडकीकडे पाहतो, जेवणाच्या नवव्या तासाला किती अवकाश आहे ते अजमावतो, आणि मग जागा, हातकाम, सोबती या सर्वांचाच त्याला वीट येतो. दुसऱ्या एका ग्रंथात इव्हॅग्रिअस म्हणतो की अशा वेळी रुग्णाची विचारपूस करावयास निघालेला भिक्षू वस्तुतः स्वतःचाच हेतू साधीत असतो. कीर्तिलोभ आणि कामवासना परस्परविरोधी असल्याने एकीने दुसरी हटविता येते, हेही त्याने टिपले आहे. काट्याने काटा काढण्याचाच हा प्रकार. तथापि नम्रतेने हटविणे अधिक श्रेष्ठ, अशी पुस्ती तो जोडतो.

ही दृष्टी एकट्या इव्हॅग्रिअसची नव्हे. अथेनेशिअसने लिहिलेल्या चरित्रात अँथनी शिष्यांना सांगतो की आपली कृत्ये व मनाच्या हालचाली, जणू त्या एकमेकांना सांगावयाच्या आहेत अशा रीतीने, प्रत्येकाने लिहून ठेवाव्यात. इव्हॅग्रिअसने याच्या पुढचे पाऊल टाकले. ‘अँटिर्‍हेटिकोस’ या ग्रंथात आठ विचारांचे आठ भाग करून त्याने सुमारे पाचशे मोहप्रसंग नोंदविले व प्रत्येकापुढे प्रत्युत्तरादाखल एकेक शास्त्रवचन मांडले. मत्तयाच्या शुभवर्तमानात सैतानाला येशू शास्त्रवचनानेच उत्तर देतो, हा त्याचा आदर्श. ऐन मोहाच्या क्षणी वचन शोधीत बसावयास अवसर नसतो. तयारी आधीच हवी.

मराठी वाचकास येथे षड्रिपूंची आठवण होणे स्वाभाविक आहे. तथापि सहा व आठ यांचा मेळ घालण्याचा उद्योग फारसा फलदायी नाही. षड्रिपूंत विषाद नाही आणि अकेदियाही नाही; आणि इव्हॅग्रिअसच्या विवेचनाचा अधिक मौलिक भाग या दोहोंतच आहे.

पुढे या पद्धतीचे काय झाले? 553 च्या कॉन्स्टँटिनोपल परिषदेच्या काळात ऑरिजेनच्या मतांबरोबर इव्हॅग्रिअसही निषिद्ध ठरला. त्याचे अनेक ग्रंथ सिरिअॅक भाषांतरांत तगले. प्रार्थनेवरील ग्रंथ ग्रीकमध्ये निलसच्या नावावर खपला आणि 1934 मध्ये हाउसहेर या पंडिताने तो मूळ कर्त्यास परत मिळवून दिला. दरम्यान आठ विचार जॉन कॅसिअनने लॅटिनमध्ये नेले होते. तेथून पोप पहिला ग्रेगरी (590–604) याने त्यांची पुनर्रचना केली. अहंकाराला सर्वांचे मूळ मानून त्याने सात मुख्य दुर्गुण सांगितले, मत्सर नव्याने घातला व अकेदिया वगळली. ती पुढे परतली ती ‘आळस’ होऊन. रुग्णाकडे लगबगीने निघालेला तो भिक्षू मात्र या नावात मावत नाही. 1215 च्या चौथ्या लॅटरन परिषदेने वार्षिक पापनिवेदन सर्वांस बंधनकारक केल्यावर धर्मगुरूस प्रश्न विचारण्यासाठी अशी यादी सोयीची झाली. प्रश्न आता घडलेल्या कृत्याविषयी होता. विचार कोणत्या वाटेने आला याविषयी नव्हता.

ग्रेगरीवर याचा सगळा दोष टाकणे अन्यायाचे होईल. संसारी माणसांशी दुरात्मे वस्तूंच्या द्वारे लढतात व भिक्षूंशी विचारांच्या द्वारे, असे स्वतः इव्हॅग्रिअसनेच म्हटले होते. त्याची पद्धती बाजारात, शेतात, कुटुंबात राहणाऱ्यांसाठी नव्हतीच. ती तेथवर पोचविण्याचा एक महत्त्वाचा प्रयत्न पुढे सोळाव्या शतकात दिसतो. 1548 मध्ये पोपची मान्यता मिळालेल्या आपल्या ‘आध्यात्मिक साधना’ या ग्रंथात इग्नेशिअस लोयोलाने एका विशिष्ट दोषावर लक्ष ठेवण्यासाठी आठवड्याच्या रेघांचा तक्ता दिला आहे. सकाळी उठताच संकल्प करावयाचा. दुपारच्या व रात्रीच्या जेवणानंतर, जितक्या वेळा घसरलो तितके ठिपके त्या दिवसाच्या रेघेवर द्यावयाचे. मग वेळेशी वेळ, दिवसाशी दिवस, आठवड्याशी आठवडा ताडून पाहावयाचा. सार्वजनिक कामांत गुंतलेल्या माणसाने घर व काम न सोडता, रोज दीड तास देऊन, साधना कशी करावी याचीही त्याने तरतूद केली. येथे पुन्हा नोंद आहे, चढउतार आहे. मात्र ठिपका घसरणीचा आहे, येणाऱ्या विचाराचा नव्हे.

1579 मध्ये गोव्यास आलेला आणि 1616 मध्ये राचोल येथे ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ छापणारा थॉमस स्टीफन्स हा इग्नेशिअसच्याच संघाचा होता. ही साधना त्या संघाच्या नवशिक्याच्या शिक्षणाचा भागच असे. त्या पुराणातील मोहप्रसंगांची शब्दयोजना वाचताना ‘विचार’ आणि ‘पाप’ यांतील हा जुना भेद जवळ ठेवणे उपयुक्त ठरेल.