केडगावला उतरा

गाडी केडगावला थांबते तेव्हा १८९७चा उन्हाळा आहे, आणि खरं सांगायचं तर तुम्हाला खाली उतरायचंच नाहीये. मागे पुण्यात गाठीच्या तापानं माणसं पटापट जाताहेत. गोरे सोजीर घराघरांत शिरून रोगी हुडकताहेत. पुढे नुसतं माळरान. पण डब्यातून मुली उतरू लागल्यात आणि तुम्ही दारातच उभे आहात, तेव्हा उतरा.

तुमच्या शेजारची पोर सात-आठ वर्षांची असावी. मध्य प्रांतातल्या दुष्काळातून आणलेली. तिचे गुडघे मांड्यांपेक्षा जाड आहेत. तिच्या हातावर भाकरीचा चतकोर ठेवून पाहा. ती खात नाही. आधी इकडे-तिकडे बघते, तुकडा ओच्यात खोचते आणि दुसऱ्यासाठी हात पुढे करते. दुसराही ओच्यात जातो. तिसरा मात्र ती तुमच्याकडे पाठ फिरवून खाते.

चाळिशीला टेकलेल्या त्या बाई, पांढरं लुगडं, केस कापलेले, त्या पंडिता रमाबाई. त्यांना विचारा, 'बाई, एवढ्यांना जेवायला कुठून घालणार?' त्यांना ऐकू कमी येतं. पुन्हा विचारावं लागतं, मोठ्यानं, आणि मग ते सगळ्या मुलींना ऐकू जातं. तुम्ही ओशाळता. बाई तुमच्या हातात चटयांची वळकटी देतात आणि तंबूकडे बोट दाखवतात.

प्रश्न काही चुकीचा नव्हता. बाईंच्या पुण्यातल्या शारदा सदनाला, म्हणजे विधवांसाठीच्या शाळेला, अमेरिकेतल्या मंडळींनी दहा वर्षं मदत कबूल केली होती, ती मुदत सरत आलीय. पुढच्या खर्चाची सोय म्हणून हे केडगावचं रान घेतलं, फळझाडं लावली. झाडं अजून लहान आहेत. त्यात प्लेगमुळे या मुलींना पुण्यात ठेवायला सरकारनं मनाई केली. म्हणून ही वरात इथं, जिथं घर म्हणावं असं काही नाही.

वळकटी खाली ठेवा आणि वीसेक वर्षं मागे चला.

आता तुम्ही पंजाबात, झेलम नदीच्या काठी आहात. कडाक्याची थंडी. वाळूत दोन खड्डे दिसतात, माणसाच्या लांबीचे. त्यांत एक तरुण आणि त्याची बहीण गळ्यापर्यंत कोरडी वाळू ओढून पडलीत, कारण अंगावर घ्यायला काही नाही. पोटात रानबोरं आहेत, आठळ्यांसकट गिळलेली. हे श्रीनिवास आणि रमा, म्हणजे पुढच्या रमाबाई. वडील अनंतशास्त्री डोंगरे आणि आई दुष्काळात उपासमारीनं गेली, मोठी बहीण पटकीनं. घरात होतं नव्हतं ते दानधर्मात, तीर्थांत गेलं. अनुष्ठानं केली, उपास केले, वाट पाहिली. कुणी आलं नाही.

हे पाहून घ्या, कारण बाईंच्या श्रद्धेवर बोलणारे बहुतेक लोक इथं थांबत नाहीत. देवावर भार टाकून बसणं म्हणजे काय आणि त्यातून काय पदरी पडतं, हे या मुलीनं कोवळ्या वयात भोगलंय. पुढे १८८३मध्ये इंग्लंडात तिनं बाप्तिस्मा घेतला, तरी धर्म मिळाला पण ख्रिस्त सापडायचा राहिला, असं तिला वाटत राहिलं. तो काही वर्षांनी सापडला. ब्रिस्टलच्या जॉर्ज म्युलरचं चरित्र तिनं वाचलं. कुणापुढे हात न पसरता, प्रार्थनेच्या बळावर त्यानं हजारो अनाथ पोरं वाढवली होती. ते वाचून तिला प्रश्न पडला तो आपल्या मुलखाचा: असं इथं जमेल? एकदा पोळलेल्या माणसाचा तो प्रश्न आहे. म्हणूनच मला तो म्युलरच्या गोष्टीपेक्षा मोलाचा वाटतो.

आता पुढे, १९००. पुन्हा केडगाव. जागेला 'मुक्ती' नाव पडलंय, पक्क्या भिंती उठल्यात, शेकडो मुली दळताहेत, विणताहेत, शिकताहेत. आणि पाऊस नाही.

विहिरीवर वाका. संध्याकाळ आहे, पोहरा तळाला खरवडतो आणि वर येतो तो गढूळ, अर्धाच. तुमच्या पोटात गोळा येतो. सकाळी पुन्हा वाका: पाणी आहे. संध्याकाळी पुन्हा तळ. असं रोज. प्रवचनांत ही गोष्ट चमत्कार म्हणून रंगवून सांगतात. आपल्याकडचा कुठलाही शेतकरी म्हणेल की उपसलेली विहीर रातोरात झऱ्यानं भरतेच. खरंय. पण दुष्काळात तो झरा कोणत्या रात्री आटेल हे त्या शेतकऱ्यालाही सांगता येत नाही, आणि त्याच्या घरी खाणारी तोंडं दहा असतात. बाईंनी विहिरी खणून घेतल्या, शेत राखलं, हिशेब ठेवले. उरलेली रात्र त्यांनी देवाच्या स्वाधीन केली आणि प्रार्थनेला बसल्या. भीती गेली होती का? झेलमकाठची वाळू ज्यांच्या अंगाला लागलीय त्यांची ती इतक्या सहज जात असेल, असं मला वाटत नाही.

तुम्ही मात्र हिशेबी. पाणी पुरेना म्हटल्यावर निदान नवी माणसं घेऊ नयेत, एवढं तरी बाईंना सांगावं म्हणून तुम्ही शोधत निघता. बाई कामात आहेत. गुजरातेत दुष्काळानं थैमान घातलंय. तिथून मुली आणायला त्या माणसं धाडताहेत. जाणाऱ्यांत काही जणी तीन वर्षांपूर्वी मध्य प्रांतातून आलेल्या, म्हणजे तेव्हा तुमच्या डब्यातून उतरलेल्याच. हे वर्ष सरेपर्यंत इथली वस्ती दीड हजाराच्या पुढे जाणार आहे. तुम्ही तोंड उघडता. आठवतंय ना, त्यांना ऐकू कमी येतं. मोठ्यानं बोलावं लागेल.