तात्पुरते उड्डाणनिर्बंध व त्यांचा अजाणता भंग

तात्पुरते उड्डाणनिर्बंध : ठरावीक जागेवरचे आकाश ठरावीक काळापुरते सर्वसाधारण विमानांना बंद करणारा, किंवा काही अटींवरच खुले ठेवणारा सरकारी आदेश. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत असे आदेश संघीय विमानवाहतूक प्रशासन (एफएए) काढते आणि वैमानिक त्यांना ‘टीएफआर’ म्हणतात. प्रस्तुत नोंद मुख्यत्वे अमेरिकेपुरती आहे. जगातील सर्वाधिक खासगी विमाने तिथे आहेत, आणि हवा स्वच्छ असेल तर छोट्या विमानतळावरून कोणालाही न कळवता, नियंत्रकाशी एक शब्दही न बोलता उडण्याची मुभा तिथे आजही पुष्कळ ठिकाणी आहे. या मुभेमुळेच निर्बंधाचा अजाणता भंग हा प्रकार तिथे मोठ्या प्रमाणावर संभवतो.

प्रकार : निर्बंधांची तरतूद संघीय नियमावलीच्या ९१व्या व ९९व्या भागांत आहे. वणवा, पूर किंवा अन्य आपत्ती (९१.१३७), राष्ट्राध्यक्षांचा प्रवास (९१.१४१), अवकाशयानांची उड्डाणे (९१.१४३), हवाई कसरती व मोठे क्रीडासामने (९१.१४५) आणि राष्ट्रीय सुरक्षा (९९.७) ही त्यांतील प्रमुख कारणे. वैमानिकांना सर्वाधिक धास्ती राष्ट्राध्यक्षांच्या निर्बंधाची असते. तो बहुधा ३० सागरी मैल त्रिज्येचा (१ सागरी मैल = १.८५२ किमी.) आणि समुद्रसपाटीपासून १८,००० फुटांखालील असतो. आतल्या १० मैलांत प्रवासी कंपन्यांची ठरलेली विमाने, लष्कर, पोलीस, रुग्णवाहतूक यांसारखे मोजके अपवाद वगळता कोणालाच प्रवेश नसतो. बाहेरच्या कड्यातून जाता येते, पण त्यासाठी उड्डाणयोजना दाखल केलेली हवी, ट्रान्सपाँडरसाठी (रडारला विमानाची ओळख कळवणाऱ्या यंत्रासाठी) नियंत्रकाने दिलेला स्वतंत्र क्रमांक हवा आणि रेडिओवर सतत संपर्क हवा. प्रशिक्षण, घिरट्या, ग्लायडर, हवाई छत्रीच्या उड्या, पिकांवरील फवारणी यांना तिथेही मनाई असते.

क्रीडासामन्यांचा निर्बंध तुलनेने लहान, म्हणजे ३ सागरी मैल व जमिनीपासून ३,००० फूट एवढाच असतो. ३०,००० किंवा अधिक आसने असलेल्या मैदानावर व्यावसायिक बेसबॉल, अमेरिकन फुटबॉल, महाविद्यालयीन फुटबॉलचे वरच्या श्रेणीचे सामने किंवा मोटारींच्या मोठ्या शर्यती असतील, तेव्हा आधी एक तास ते नंतर एक तास तो लागू असतो. यातील गोम अशी की यासाठीची सूचना एकच व कायमस्वरूपी असते. तीत सामन्यांच्या तारखा नसतात. सामना कधी आहे, पावसाने पुढे ढकलला का, जादा डावांमुळे लांबला का, हे वैमानिकाने स्वतः शोधायचे. क्रीडावेळापत्रक हे विमानविद्येचे साधन मानावे लागते, असा हा बहुधा एकमेव नियम असावा. कॅलिफोर्निया व फ्लॉरिडा येथील डिस्नेच्या उद्यानांवर २००३ पासून याच मापाचा निर्बंध आहे व तो अद्याप उठलेला नाही. त्यामागे सुरक्षा होती की जाहिरातीचे फलक ओढणारी विमाने दूर ठेवण्याची सोय, याविषयी मतभेद आहेत.

सूचनेची पद्धत : निर्बंध ‘नोटॅम’ या सूचनेने जाहीर होतो. छापील नकाशावर तो नसतो. असूही शकत नाही, कारण नकाशा आधी छापलेला असतो. नोटॅमचा पारंपरिक मजकूर मोठ्या लिपीतील अक्षरांत, संक्षेपांनी ठासून भरलेला, आणि जागा दाखवणारा तो अक्षांश-रेखांशांनी किंवा एखाद्या दिशादर्शक केंद्रापासूनच्या अंशांनी व अंतराने. वेळ जागतिक प्रमाणवेळेत. पूर्व किनाऱ्यावरील वैमानिकाला उन्हाळ्यात त्यातून चार तास आणि हिवाळ्यात पाच तास वजा करावे लागतात. संध्याकाळच्या निर्बंधात तारीखही बदलते. वजाबाकी चुकून अंगाशी आलेली प्रकरणे थोडी नसावीत.

नियम ९१.१०३ प्रमाणे उड्डाणापूर्वी त्या उड्डाणासंबंधीची सर्व उपलब्ध माहिती घेणे ही विमानप्रमुखाची जबाबदारी आहे. ‘मला माहीत नव्हते’ हा बचाव त्यामुळे मुळातच टिकत नाही. माहीत नसणे हाच आधीचा नियमभंग ठरतो.

अजाणता भंग कसा होतो : रूढ कारण म्हणजे शिळी माहिती. रात्री झोपण्यापूर्वी नोटॅम पाहिले, सकाळी विमान काढले, आणि मधल्या काळात राष्ट्राध्यक्षांचा कार्यक्रम बदलला. दुसरे कारण परतीचा प्रवास. जाताना वैमानिक काटेकोर असतो, येताना वाट ओळखीची म्हणून नव्याने चौकशी करत नाही. शनिवारी मोकळे असलेले आकाश रविवारी दुपारी बंद झालेले असते. टॅबलेटवरील नकाशांनी हा धोका कमी केला, पण निर्बंधाचे लाल वर्तुळ शेवटच्या वेळी माहिती उतरवून घेतली तेव्हाचे असते. जमिनीवरील केंद्रांकडून विमानात येणारी माहिती तर पुरेशी उंची गाठल्यावरच नीट मिळू लागते. वणव्यांचे निर्बंध आगीबरोबर सरकतात व वाढतात. उड्डाणभर नियंत्रकाच्या संपर्कात राहणे हा सर्वांत स्वस्त विमा. अनेक हौशी वैमानिक तो उतरवत नाहीत, कारण नियंत्रकाशी बोलण्याचा त्यांना संकोच वाटतो. प्रशिक्षकांना हे ठाऊक असते. पाठ्यपुस्तकांत ते क्वचितच लिहिलेले आढळते.

११ मे २००५ ची घटना : या विषयातील सर्वाधिक नोंदली गेलेली घटना. पेनसिल्व्हेनियातील स्मोकटाउन येथून एका क्लबचे सेसना १५० जातीचे विमान नॉर्थ कॅरोलायनातील लंबरटन येथे विमानांच्या मेळाव्यासाठी निघाले. विमानात परवानाधारक वैमानिक व एक विद्यार्थी वैमानिक असे दोघे होते. सेसना १५० हे दोन आसनी, एका इंजिनाचे, पूर्ण भारासह सुमारे ७२५ किग्रॅ. वजनाचे शिकाऊ विमान आहे. स्मोकटाउन ते लंबरटन अशी नकाशावर सरळ रेघ ओढली, तर ती वॉशिंग्टनच्या किंचित पूर्वेकडून, म्हणजे राजधानीभोवतीच्या निर्बंधातूनच जाते. वळसा आवश्यक होता. तो ठरवण्यासाठी हवामान व नोटॅम पाहणे आवश्यक होते, आणि ते पाहिले नव्हते, असा एफएएचा मुख्य आक्षेप पुढे राहिला.

राजधानीभोवतीचा हा निर्बंध इराकयुद्धाच्या तोंडावर, फेब्रुवारी २००३ मध्ये नोटॅमने लागू झाला होता व कागदोपत्री तात्पुरताच होता. सकाळी ११.२८च्या सुमारास विमान त्याच्या हद्दीत शिरल्याचे रडारवर दिसले. सीमाशुल्क खात्याचे ब्लॅक हॉक हेलिकॉप्टर पाठवण्यात आले. पाठोपाठ अँड्र्यूज तळावरून दोन एफ-१६ विमाने निघाली. सेसना वाट चुकले होते आणि तसेच पुढे येत होते. दुपारी १२ वाजून गेल्यावर व्हाइट हाउस व कॅपिटल रिकामे करण्यात आले. उपाध्यक्ष डिक चेनी यांना अन्यत्र हलवले. राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी लॉरा बुश व त्या दिवशी पाहुण्या म्हणून आलेल्या नॅन्सी रेगन यांना सुरक्षित जागी नेले. एफ-१६ विमानांनी इशाऱ्याचे जळते फ्लेअर सोडले. व्हाइट हाउसपासून सुमारे ३ मैलांवर असताना सेसना पश्चिमेकडे वळले आणि मेरीलंडमधील फ्रेडरिक विमानतळावर उतरवण्यात आले. दोघांना ताब्यात घेऊन चौकशी झाली. हेतुपुरस्सर काही नव्हते, असा निष्कर्ष निघून सोडून देण्यात आले. विमान पाडण्याचा आदेश किती जवळ आला होता, हे निरनिराळ्या बातम्यांत निरनिराळे सांगितले आहे.

राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश त्या वेळी मेरीलंडमध्ये सायकल चालवत होते. त्यांना घटना कळवण्यात आली ती सर्व संपल्यावर, आणि त्यावर पुढे बरीच टीका झाली. वॉशिंग्टनचे महापौर अँथनी विल्यम्स यांनीही आपल्याला वेळेवर कळवले नाही अशी तक्रार केली. एफएएने त्याच महिन्यात परवानाधारक वैमानिकाचा परवाना तातडीच्या आदेशाने रद्द केला. स्थगिती देऊन न थांबता परवाना रद्दच करणे हे अशा प्रकरणांत विरळा होते. विद्यार्थ्यावर कारवाई झाली नाही. कायद्याने विमानप्रमुख एकच असतो. योगायोगाने त्याच महिन्याच्या २१ तारखेपासून वॉशिंग्टनभोवती लाल व हिरव्या लेसरकिरणांनी इशारा देणारी यंत्रणा सुरू झाली. तिची तयारी आधीपासून चालू होती. ‘तात्पुरता’ निर्बंध फेब्रुवारी २००९ मध्ये नियमावलीत कायम झाला. तेव्हापासून वॉशिंग्टनच्या ६० सागरी मैलांच्या आत दृश्य नियमांनी उडणाऱ्या प्रत्येक वैमानिकाला विशेष प्रशिक्षण घ्यावे लागते.

अन्य घटना : ९ जून २००४ रोजी रोनाल्ड रेगन यांच्या अंत्यविधीसाठी येणारे केंटकीचे गव्हर्नर अर्नी फ्लेचर यांचे विमान परवानगी असूनही संशयित ठरले व कॅपिटल रिकामे झाले. विमानाचा ट्रान्सपाँडर बिघडलेला होता. नियंत्रकांना ते ठाऊक होते, पण सुरक्षायंत्रणेपर्यंत ते पोचले नाही. २० एप्रिल २०२२ रोजी बेसबॉल सामन्यापूर्वी लष्कराच्या छत्रीधारी पथकाला घेऊन आलेल्या विमानामुळे तेच घडले. कॅपिटलच्या पोलिसांना आधी कळवले गेले नव्हते. अशा प्रकरणांची गणना वैमानिकांच्या चुकांत करणे योग्य नाही, तरी ती बहुधा त्यांतच केली जाते. याउलट सप्टेंबर १९९४ मध्ये व्हाइट हाउसच्या हिरवळीवर आदळलेले विमान (तेही सेसना १५०) आणि एप्रिल २०१५ मध्ये कॅपिटलसमोर उतरलेले जायरोकॉप्टर हे प्रकार जाणूनबुजून केलेले होते. रडारवर हेतू दिसत नाही, हे सुरक्षायंत्रणांचे म्हणणे या दोन घटनांमुळे खोडून काढता येत नाही.

डोनाल्ड ट्रम्प यांच्या कारकिर्दींत फ्लॉरिडातील पाम बीच व न्यू जर्सीतील बेडमिन्स्टर ही वारंवार भंगाची ठिकाणे बनली. पाम बीचजवळील लँटाना विमानतळ आतल्या वर्तुळात येत असल्याने राष्ट्राध्यक्षांच्या मुक्कामात तिथल्या उड्डाणशाळा ठप्प होतात. २०२५ मध्ये दोन्ही ठिकाणी लढाऊ विमानांनी खासगी विमानांना अडवले. काही वेळा फ्लेअरही वापरले.

अडवणूक : उत्तर अमेरिकेची संयुक्त हवाई संरक्षण संघटना (नोरॅड) हे काम करते. लढाऊ विमान शेजारी येऊन पंख हलवते. खासगी वैमानिकाने पंख हलवूनच उत्तर द्यायचे, मागोमाग जायचे आणि १२१.५ मेगाहर्ट्झ या आणीबाणीच्या कंप्रतेवर बोलायचे. सेसनासारख्या विमानाच्या संथ गतीने उडणे एफ-१६ला जमत नाही. त्यामुळे राजधानीभोवती हेलिकॉप्टरे आवश्यक ठरली. २००६ पासून हे काम तटरक्षक दलाकडे आहे.

शिक्षा : पहिल्याच, अनवधानाने झालेल्या भंगासाठी ३० ते ९० दिवस परवाना-स्थगिती अशी पट्टी २००१ नंतर दीर्घकाळ रूढ होती. २०१५ पासून प्रामाणिक चुकीसाठी समज व पुनःप्रशिक्षण यांवर एफएएचा भर आहे, तरी सुरक्षेच्या निर्बंधांबाबत हात तितका सैल नाही. राष्ट्रीय संरक्षणासाठी राखलेल्या आकाशात जाणूनबुजून शिरल्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. कारवाईविरुद्ध राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाकडे दाद मागता येते.

वैमानिकाच्या दृष्टीने महत्त्वाची तरतूद नासाच्या सुरक्षा-अहवाल योजनेची (१९७६). घटनेनंतर १० दिवसांत स्वतःहून अहवाल पाठवला, चूक अनवधानाने झालेली असली व त्यात गुन्हा वा अपघात नसला, आणि मागील पाच वर्षांत नियमभंग सिद्ध झालेला नसला, तर दोष नोंदला जातो, पण शिक्षा अमलात येत नाही. ही सोय माहीत नसलेल्या वैमानिकांना आदेशाच्या कडकपणापेक्षा स्वतःच्या दिरंगाईची किंमत अधिक मोजावी लागते, असे प्रस्तुत नोंदकर्त्याचे मत आहे.

ड्रोन : निर्बंध ड्रोननाही लागू आहेत. ९ जानेवारी २०२५ रोजी लॉस एंजेलिसच्या वणव्यात निर्बंध असताना उडवलेला ड्रोन आग विझवणाऱ्या कॅनेडियन विमानावर आदळून पंखाला भोक पडले.

अन्य देश : ब्रिटनमध्ये २०१२च्या लंडन ऑलिंपिकसाठी आग्नेय इंग्लंडवर असेच निर्बंध होते.

भारत : प्रजासत्ताकदिनाच्या सुमारास दिल्लीवरचे आकाश रोज ठरावीक वेळ बंद राहते. मात्र भारतात उड्डाणयोजना दाखल करून हवाई संरक्षण मंजुरीचा (एडीसी) क्रमांक घ्यावा लागत असल्याने अमेरिकी धर्तीचा अजाणता भंग सहसा घडत नाही. अमेरिकेतील उड्डाणशाळांत शिकणाऱ्या महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांना तिथलेच नियम लागू असून एकट्याने केलेल्या उड्डाणात विमानप्रमुखाची जबाबदारी विद्यार्थ्याचीच असते.