भक्षक डायनोसॉरांचे पाऊलठसे : वर्गीकरण व नामकरण

मांसाहारी डायनोसॉरांची पावले ओल्या चिखलात वा वाळूत उमटून व पुढे त्या गाळाचा खडक होऊन जे ठसे टिकून राहिले, त्यांचा समावेश खुणांच्या जीवाश्मांत होतो. हे डायनोसॉर थेरोपोडा या गटातील असून ते मागील दोन पायांवर चालत. त्यांचा ठसा बहुधा तीन बोटांचा, रुंदीपेक्षा लांबीने अधिक व बोटांच्या टोकांशी नख्यांच्या खुणा असलेला असतो. स्पष्ट ठशात आतील, मधल्या व बाहेरील बोटांवर अनुक्रमे दोन, तीन व चार गाद्यांच्या खुणा दिसतात. याउलट ऑर्निथोपोडा या शाकाहारी गटाचे तीन बोटी ठसे रुंद, बोथट बोटांचे व गोलसर टाचेचे असतात.

मृत प्राण्याची हाडे पाण्याबरोबर दूर वाहून जाऊ शकतात. ठसा मात्र जेथे उमटला तेथेच राहतो. त्यामुळे एखाद्या प्रदेशात विशिष्ट काळी मोठे भक्षक वावरत होते की नाही, हे ठरविताना ठशांना विशेष महत्त्व येते. पण ठसा उमटविणारा प्राणी ठशाशेजारी मरून पडलेला क्वचितच सापडतो. ठशाला कोणते नाव द्यावे, हा प्रश्न यातूनच निर्माण होतो.

नामकरणाचे तत्त्व : ठशाला प्राण्यांप्रमाणेच प्रजाती व जाती अशी दोन पदांची नावे देतात, तथापि ते नाव ठशाच्या आकाराचे असते, प्राण्याचे नसते. एकाच प्राण्याचे ठसे घट्ट वाळूत एका प्रकारचे, तर पातळ चिखलात दुसऱ्या प्रकारचे उमटतात. उलट, सारखीच पावले असलेल्या अनेक प्राण्यांचे ठसे एकाच नावाखाली येऊ शकतात. प्राणिनामांच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार ठशाचे नाव प्राण्याच्या नावाशी अग्रक्रमासाठी स्पर्धा करीत नाही. तो ठसा त्याच प्राण्याचा असला, तरी हा नियम लागू असतो.

कनेक्टिकट खोऱ्यातील ठसे : अमेरिकेतील मॅसॅचूसेट्स राज्यात साउथ हॅडली येथे १८०२ मध्ये प्लायनी मूडी या तरुणाला शेत नांगरताना तीन बोटी ठशांची शिळा मिळाली. लोक त्यांना बायबलातील नोआच्या डोमकावळ्याचे ठसे म्हणू लागले. १८३५ मध्ये जेम्स डीन या वैद्याने फरसबंदीच्या दगडांवरील अशाच ठशांकडे ॲम्हर्स्ट महाविद्यालयातील भूवैज्ञानिक एडवर्ड हिचकॉक यांचे लक्ष वेधले. हिचकॉक यांनी १८३६ मध्ये त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले आणि ते प्रचंड पक्ष्यांचे मानून ऑर्निथिक्नाइट्स (पक्ष्यांच्या शिळारूप खुणा) असे नाव दिले. त्यावेळी ‘डायनोसॉर’ ही संज्ञाच अस्तित्वात नव्हती. ती रिचर्ड ओएन यांनी १८४२ मध्ये सुचविली. शिवाय न्यूझीलंडमधील मोआ या महाकाय पक्ष्याच्या अस्तित्वाचा पुरावा १८३९ मध्ये पुढे आल्याने हिचकॉक यांच्या मताला बळकटीच मिळाली.

मोठ्या ठशांना त्यांनी १८४५ मध्ये यूब्रॉन्टिस व १८४७ मध्ये ब्रॉन्टोझूम अशी नावे दिली. १८५८ मध्ये त्यांचा या विषयावरील मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला व त्यात सडपातळ ठशांसाठी ग्रॅलॅटर हे नाव आले. विसाव्या शतकाच्या आरंभी यूब्रॉन्टिस हे आधीचे नाव पुन्हा प्रचारात आले. रिचर्ड लल यांनी १९०४ मध्ये मधल्या आकाराच्या ठशांसाठी अँकिसॉरिपस हे नाव सुचविले. स्थूलमानाने १५ सेंमी.पर्यंतच्या ठशांना ग्रॅलॅटर, १५ ते २५ सेंमी.च्या ठशांना अँकिसॉरिपस व त्याहून मोठ्यांना यूब्रॉन्टिस म्हणतात. परंतु पॉल ओल्सेन यांनी १९८० मध्ये दाखविल्याप्रमाणे आकार वाढतो तशी ठशाची प्रमाणेही हळूहळू बदलतात. त्यामुळे या तिन्ही प्रजातींमधील सीमारेषा संदिग्ध ठरतात. ओल्सेन व सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये मूळ नमुन्यांचे नव्याने वर्णन केल्यावर ही नावे अधिक सुस्थिर झाली. पक्ष्यांची कल्पना मागे पडूनही हिचकॉक यांचे यूब्रॉन्टिस हे नाव टिकले, कारण ते कोणत्याही विशिष्ट प्राण्याशी बांधलेले नव्हते.

मेगॅलोसॉरसाशी निगडित नावे : विल्यम बकलंड यांनी १८२४ मध्ये इंग्लंडमधील मेगॅलोसॉरस या प्रजातीचे वर्णन केले. पुढे यूरोपातील मोठ्या भक्षकांची बरीच हाडे व ठसेही याच प्राण्याच्या नावे जमा होत गेले. लेसर्टिसर यांनी १९५५ मध्ये ठशांसाठी मेगॅलोसॉरिपस हे नाव वापरले. ओस्कार कून यांनी १९५८ मध्ये जर्मनीतील ब्यूकेबर्ग येथील पूर्व क्रिटेशस काळातील मोठ्या ठशाला ब्यूकेबर्गिक्नस असे नाव दिले. कॉलबर्ट व मेरिलीझ यांनी १९६७ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियातील ब्रूम येथील ठशांना मेगॅलोसॉरोपस म्हटले. एका स्वराचा फरक असलेली दोन नावे अशा रीतीने रूढ झाली. मार्टिन लॉकली व सहकाऱ्यांनी १९९० नंतरच्या दशकात मेगॅलोसॉरिपस हे नाव उत्तर जुरासिक काळातील ठशांसाठी वापरून त्याची व्याख्या निश्चित करण्याचा प्रयत्न केला. यावर टोनी थलबॉर्न यांनी २००१ मध्ये आक्षेप घेतला. हे नाव मुळात ब्यूकेबर्गच्याच ठशाचे आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. ते मान्य केल्यास ब्यूकेबर्गिक्नस हे नाव अनावश्यक ठरते व जुरासिक ठशांना दुसरे नाव शोधावे लागते. दोन हजार सालापासून लागू झालेल्या नियमांनी १९९९ नंतरच्या प्रत्येक नव्या ठसा-प्रजातीसाठी प्रारूप जाती नेमून देणे बंधनकारक केले, त्यामागे असेच अनुभव होते.

टायरॅनोसॉरसाशी निगडित नावे : अमेरिकेतील यूटा राज्यातील कोळशाच्या खाणींच्या छतांवर तीन बोटी पावलांचे मोठे साचे आढळत. हार्टमूट हाउबोल्ट यांनी १९७१ मध्ये त्यांना टायरॅनोसॉरोपस असे नाव दिले; पुढे मात्र ते शाकाहारी हॅड्रोसॉरांचे असल्याचे दिसून आले. दरम्यान ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंडमध्ये विंटनजवळ लार्क क्वॉरी येथे तीन हजारांहून अधिक ठसे उघडे करण्यात आले. थलबॉर्न व मेरी वेड यांनी १९८४ मध्ये त्यांतील मोठ्या ठशांची तुलना टायरॅनोसॉरोपसाशी करून, एका भक्षकाच्या आगमनाने लहान डायनोसॉरांचा कळप सैरावैरा पळाला, असा निष्कर्ष काढला. अँथनी रोमिलिओ व स्टीव्हन सॅलिसबरी यांनी २०११ मध्ये तेच मोठे ठसे ऑर्निथोपोडाचे असल्याचे मत मांडले. थलबॉर्न यांनी ते २०१३ मध्ये खोडून काढण्याचा प्रयत्न केला. मोठा ठसा शाकाहारी प्राण्याचा ठरला, तर पाठलागाच्या साऱ्या कथेचा आधारच नाहीसा होतो.

न्यू मेक्सिकोत १९८३ मध्ये आढळलेल्या सु. ८५ सेंमी. लांबीच्या ठशाला लॉकली व एड्रियन हंट यांनी १९९४ मध्ये टायरॅनोसॉरिपस पिल्मोरी असे नाव दिले. क्रिटेशस काळाच्या अखेरीचा खडक व ठशाचे असामान्य आकारमान यांमुळे येथे टायरॅनोसॉरसाचा संबंध बराच संभवनीय वाटतो. तरीही तो अनुमानच होय.

आधुनिक पद्धती : स्टीव्हन गेट्सी व सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये ग्रीनलंडमधील ठशांवरून पाऊल चिखलात कसे शिरते व बाहेर निघते, हे दाखविले. ठशाचा आकार म्हणजे पावलाची हुबेहूब प्रतिमा नव्हे, हे त्यातून स्पष्ट झाले. अनेक छायाचित्रांवरून ठशाची त्रिमितीय प्रतिकृती तयार करण्याची पद्धती आता रूढ झाली असून, केवळ बाह्यरेषेच्या चित्रावर विसंबण्याची गरज उरलेली नाही.

भारतातील ठसे : राजस्थानातील जैसलमेरजवळील थईयात येथील पूर्व जुरासिक खडकांतून २०१५ मध्ये यूब्रॉन्टिस व ग्रॅलॅटर या प्रकारचे ठसे नोंदविण्यात आले. ते उमटविणाऱ्या प्राण्यांची ओळख पटलेली नसतानाही त्यांची अमेरिकेतील ठशांशी तुलना करता आली. ठशाचे नाव प्राण्याच्या नावापासून वेगळे ठेवण्याचा हा प्रत्यक्ष लाभ होय. [⟶ जीवाश्म, डायनोसॉर].